येताना आपला ग्लास आणावा

उजवा हात सदऱ्याच्या खालच्या खिशात जायचा आणि स्टीलचा ग्लास बाहेर यायचा. काका तो उपडा धरून बुडावर दोन बोटं वाजवायचे, आत एक फुंकर मारायचे आणि चहावाल्यापुढे धरून म्हणायचे, "माहा हाये."

एवढंच. पुढे भाषण नाही, उपदेश नाही. "माहा हाये."

रहीमभाईची चहाची टपरी माझ्या दुकानाला लागूनच आहे. त्याचा हात सवयीनं कागदी कपांच्या चळतीकडे गेलेला असायचा. तो वैतागायचा.

"काका, कप में क्या जहर मिलाया मैंने?"

"नाही गा. पन पेल्यावर कप जाईन कोठी?"

"नाली में."

"अन नालीतून?"

यापुढचं रहीमभाईला माहीत नसायचं. मग तो मुकाट्यानं ग्लासात चहा ओतायचा, आणि टपरीवरचं कोणी तरी म्हणायचं, "काका, ग्लास कोणाच्या लग्नातून उचलला?" कारण त्या ग्लासाच्या बुडाशी लग्नाला भाड्यानं भांडी देणाऱ्या माझ्या दुकानाचं नाव कोरलेलं होतं. काका शांतपणे सांगायचे, "शेठच्या डोयादेखत उचलला. इचारा त्याइले."

तुमच्याही गावात असा एखादा असेल. सार्वजनिक नळाची टिप टिप ऐकली की चालता चालता वळणारा, कोपऱ्यावरचा चालू राहिलेला दिवा भर दुपारी बंद करणारा. लोक त्याला हसतात, आणि त्यात फारसं वाईट काही नसतं. मला मात्र हसू येत नसे. मला राग यायचा. कारण ते कप, ते प्लास्टिकचे ग्लास, त्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, सगळं माझ्या दुकानातून जातं. ते "माहा हाये" म्हणायचे रहीमभाईला, लागायचं मला.

माझे अब्बा कल्हईवाले होते. भाता खांद्यावर घेऊन ढाणकीपासून उमरखेडपर्यंत गावोगाव फिरायचे आणि लोकांची काळी पडलेली पितळी भांडी चांदीसारखी करून द्यायचे. भांडं कसं धरायचं, कसं वाजवून पाहायचं, हे मी त्यांच्याजवळ शिकलो. भाव करायला मात्र मी माझा मी शिकलो, कारण अब्बांना तो कधी करता आला नाही. हातगाडीवर जुनी भांडी जमवत जमवत मी बिछायत केंद्र उभं केलं. मांडव, सतरंज्या, कढया, आणि पोती भरभरून स्टीलचे ग्लास. प्रत्येक ग्लासाच्या बुडाशी नाव. आजूबाजूच्या एकाही गावातलं लग्न माझ्या भांड्यांशिवाय लागत नव्हतं.

मग डिस्पोजल आलं. भांडी घासायला बाया मिळेनात, मे महिन्यात धुवायला पाणी मिळेना, आणि बघता बघता ग्लासांची पोती गोदामात गेली ती गेलीच. मी मालाबरोबर बुडणारा माणूस नाही. लोकांना फेकायचा ग्लास हवा होता, मी फेकायचा ग्लास आणला. यात माझं काय चुकलं, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "एक जुना ग्लास द्या."

"नवे आहेत ना काका."

"नवा कायले? जुने पडले हायेत नं तुमचे पोत्यात."

"ते विकायला नाहीत. भाड्यानं द्यायचे आहेत."

"कोन नेऊन राह्यलं भाड्यानं?"

माझ्या वर्मावरच बोट. मी चिडून मुद्दाम नव्याहून जास्त भाव सांगितला. ते गेले नाहीत. स्टुलावर बसले. गिऱ्हाईकं आली, गेली, मी जेवून आलो, ते बसलेले. सुट्ट्या पैशांवरून भांडणारे प्रवासी ज्यानं आयुष्यभर शांतपणे ऐकले, त्याच्याशी भाव करायला बसू नये. हे मला दुपार कलल्यावर कळलं.

"घ्या!" मी ग्लास काउंटरवर आपटला. "पण नाव खोडून मिळणार नाही."

"राहू द्या. हरपला तं तुमच्यापाशी येईन."

नोकरीत असतानाही त्यांचं असंच. गाडीत आपल्या सीटजवळच्या दांडीला ते एक कापडी पिशवी बांधायचे आणि तिकीट फाडताना सांगायचे, टरफलं, पुड्या खिडकीबाहेर नाही, यात. एकदा चतुर्थीला कळंबच्या जादा गाडीवर ड्यूटी लागली. गाडी चिंतामणीच्या भक्तांनी भरलेली. एका म्हातारीला ती पिशवी देवाच्या वर्गणीची वाटली. तिनं नाणं टाकलं, हात जोडले. तिच्या मागच्यानं पाहिलं, त्यानंही टाकलं. कळंब येईपर्यंत अर्ध्या गाडीनं शेंगांच्या टरफलांना नमस्कार केला होता.

"मग पैशाचं काय केलं?" मी विचारलं.

"देवाचे होते, देवाले देल्ले. टरफलं बकऱ्याइले. बकऱ्या जास्त खूश झाल्या."

त्यांचा सगळ्यात मोठा छळ होता दुधाच्या पिशवीचा. सकाळी फिरायला निघाले की ओसरीवर दिसेल त्या बाईला सांगायचे, "कोपरा तोडून फेकू नका बाई. चीर द्या. तुकडा पिशवीलेच लटकू द्या. तेवढा तुकडा मंग कोनाच्या हाती लागत नाही." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. माझी बायकोही हसायची. पण आमच्या घरी आजही पिशवीला चीरच पडते.

आता त्या पावसाची गोष्ट सांगतो. जरा मोठ्यानं बोललो तर ऐकून घ्या.

भादव्यात दोन रात्री पाऊस लागला. बाजाराजवळच्या पुलाखाली नाला तुंबला आणि पाणी वस्तीत शिरलं. सकाळी पाणी उतरलं तेव्हा घराघरात माझे ग्लास तरंगून बसलेले. लोक माझ्या दुकानावर चालून आले. तुम्ही विचार करा, त्यात सगळ्यात पुढे कोण होतं? ज्यानं पोराच्या लग्नात माझ्याशी तासभर घासाघीस करून माझ्याकडून गाडीभर डिस्पोजल नेलं होतं, तो. "तुह्या धंद्यानं गाव बुडवलं," म्हणाला. मी शटरचा दांडा हातात घेतला होता. खोटं सांगत नाही, त्या दिवशी कोणाचं तरी डोकं फुटलं असतं.

गर्दीतून काका आले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला, अंगावर चिखल.

"ग्लास शेठचे हायेत," ते म्हणाले. "पन या सगळ्यात शेठ एकटे पानी नाही पेले."

लोक दोन पावलं मागे सरले. मला बरं वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "अन तुमीबी कमी नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच बांबू घेऊन पुलाखाली उतरू लागले. अडकलेलं ओढून काढायचं, काठावर वाळत घालायचं, पोत्यात भरायचं. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुलावर उभ्या असलेल्या एकानं भजी खाल्ली आणि प्लेट त्यांच्या अगदी समोर खाली सोडली. "काका, तुमाले काम पायजे नं?" काकांनी वर पाहिलं, प्लेट उचलली, पोत्यात टाकली. त्या माणसाला मी आजही उधार देत नाही.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मारेगावचा, चांगलं घर. पत्रिका द्यायला काका स्वतः आले. निळ्या अक्षरांतली साधी पत्रिका, वर बुद्धाचं चित्र, आणि खाली शेवटी एक ओळ: येताना आपला ग्लास सोबत आणावा.

ते गेल्यावर ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या गोदामात पोती भरून ग्लास सडताहेत, दुकानात खोकी भरून डिस्पोजल आहे, आणि हा माणूस लोकांना घरून ग्लास आणायला सांगतो? ना भाडं, ना विक्री! पत्रिका हातात घेऊन मी सरळ त्यांच्या अंगणात गेलो.

"काका, काहून माझ्या पोटावर पाय देता?"

"बसा तं. धुवाले पानी कोठून आनू, सांगा? टँकर येते तं प्याले पुरत नाही. जेवाले पळसाच्या पत्रावळी. वस्तीवरच्या बाया लावून राह्यल्या. ग्लास ज्याचा त्याचा. ना धुनं, ना फेकनं. उठून जाईन तवा मांडवात काहीच नाही मांगं."

मी धंद्यातला माणूस. समोरच्याच्या हिशेबात फट शोधणं हे माझं काम. मी फट शोधत बसलो आणि सापडेना. आमच्याकडे आधी गावजेवणाला लोक आपला तांब्या घेऊनच जायचे. लोकांना जड जाईल असंही त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. काकांच्या मोठ्या बहिणीला मी ओळखत होतो. धिप्पाड बाई, पांढरं लुगडं, काठी टेकत यायच्या आणि आल्या आल्या सगळ्यांची चौकशी करायच्या. त्या दिवशी त्या उतरल्या आणि अंगणात उभ्याच राहिल्या. भाचीनं पाणी आणलं, घेतलं नाही. हातात पत्रिका होती.

"हे कोनं छापलं, बाबू?"

"म्या छापलं, ताई."

"बाबाचा कप आठवते तुले?"

काका पत्रिकेकडे पाहत राहिले.

"नाही आठवत. तू मांडीवर होता. मले आठवते. हाटेलाच्या मांगं निंबाले खिळा होता. त्या खिळ्याले बाबाचा कप. आपुनच काढाचा, आपुनच धुवाचा, आपुनच टांगाचा. वरून चाय ओतत होते, कपाले त्याइचं भांडं शिवू नाही म्हनून." बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "ज्या दिवशी बाबानं धम्म घेतला, त्या दिवशी तो कप बाबानं दगडावर फोडला. तुकडेबी घरात येऊ देल्ले नाही. अन तू लोकाइले सांगतं, आपला ग्लास घेऊन या? आपल्या मांडवात?"

"ताई, हे तसं नाही. हे कचऱ्यासाठी हाये. नाला पाह्यला नं तू..."

"नाल्याचं मले समजत नाही. पलास्टिकच्या ग्लासाचं समजते. नवा कोरा निंगते. पाटलाले तोच, या शेठले तोच, मले तोच. पेलं अन फेकलं. कोन पेलं, कोनाचा उष्टा, कोनाच्या तोंडाचा, कोनी इचारत नाही. उभ्या जलमात एवढी एकच वस्तू पाह्यली मी, का जिच्यात कोनाची जात राहत नाही. तू तिलेच वंगाळ म्हनतं?"

काकांचा उजवा हात खिशात गेलेला मी पाहिला. तो तिथेच राहिला. बाहेर आला नाही.

मला ते पाहवेना. "ताई," मी म्हणालो, "माझे स्टीलचे ग्लास न्या. सगळ्यांना सारखेच. भाडं नको मला."

मी भाडं नको म्हणालो, हे पुन्हा कोणी ऐकणार नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "अन धुईन कोन, शेठ? तुमच्या घरच्या बाया येईन धुवाले? आजवर लोकाइचे ग्लास कोनाच्या पोरीइनं घासले, माहीत हाये नं तुमाले?"

माहीत होतं. माझ्या भांड्यांबरोबर घासायला जायच्या त्या बाया याच वस्तीतल्या होत्या.

मग काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डिस्पोजल हाये नं शेठ, तुमच्यापाशी?"

मी माल पाठवला. मी भाव सांगितला नाही आणि त्यांनी घासाघीस केली नाही. असा सौदा मला नको होता.

लग्न चांगलं लागलं. बुद्धवंदना झाली, मारेगावची मंडळी खूश होती. जेवणाच्या वेळी ताईंनी स्वतः जगमधून पाणी ओतलं आणि प्लास्टिकचा ग्लास सगळ्यांसमोर भावाच्या हातात दिला. काका उभ्यानं सगळं पाणी प्यायले. ताईंनी डोळे पुसले. भावानं बहिणीचं ऐकलं म्हणून लोकांनाही बरं वाटलं. पळसाच्या पत्रावळी रात्रीतून बकऱ्यांनी खाऊन टाकल्या. ग्लास सकाळी वाऱ्यानं वावरात पसरले होते, बांधावरच्या बोरीच्या काट्यांना लटकले होते. पाहुणे जाईपर्यंत काका ती बोर पाहत मांडवात बसून होते. वेचायला उठले नाहीत.

त्यानंतर "माहा हाये" बंद झालं.

टपरीवर यायचे, रहीमभाई देईल तो कागदी कप घ्यायचे. रहीमभाईलाच ते सहन व्हायचं नाही. "काका, ग्लास लाओ ना. मैं मजाक करता था." काका हसायचे. चहा संपला की कप हातात धरून उभे राहायचे. नालीकडे पाहायचे. मग कप दुमडून त्याच खिशात ठेवायचे, जिथे आधी ग्लास असायचा. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या खिशावर चहाचे डाग पडले. धुऊन धुऊन फिके झाले, गेले नाहीत.

मी एकदा त्यांना दुकानात ओढून नेलं. "काय लावलंय हे काका? ताई काय इथे पाहायला येते? ग्लास आणा ना घरून!"

"ताईनं बंदी नाही घातली."

"मग?"

"काढाले जातो तं निंबाचा खिळा दिसते." मग ते जायला उठले. "ताईचं खोटं असतं तं बरं झालं असतं, शेठ."

मला समजवता येत नाही असं सहसा होत नाही. समोरचा कितीही अडला तरी मी कुठे तरी मध्ये आणतो, तो जरा खाली येतो, मी जरा वर जातो, सौदा होतो. इथे मध्य कुठे होता? त्या अंगणात उभं राहून मी तेव्हाही शोधला, आजही शोधतो. एका बाजूला तो कप, दुसऱ्या बाजूला नाला. तुम्हाला सापडला तर मला कळवा.

पुढच्या पावसाळ्यात नाला पुन्हा तुंबला. काका बांबू घेऊन उतरले नाहीत. पुलावर उभे राहून पाहत होते. शेजारी उभा असलेला कोणी तरी म्हणाला, "काका, या वर्षी सुट्टी का?" ते म्हणाले, "होय बाप्पा."

पोळा झाल्यावर त्यांना ताप आला. आधी गावातच दाखवलं, मग यवतमाळला नेलं. परत आली ती त्यांची मयतच.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या मागच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी त्यांची मुलगी दुकानात आली. मारेगावहून येऊन-जाऊन थकलेली. कार्यक्रमाला ग्लास हवे होते. मी खोकी काढायला लागलो. ती म्हणाली, "शेठकाका, एक विचारायचं होतं. बाबांच्या खोलीत दाराआड पोतं निघालं. सगळे कागदी कप. दुमडून, एकात एक घालून ठेवलेले. ते कुठे टाकायचे?"

मी खोकं हातात घेऊन उभा राहिलो. आमच्या गावात कचऱ्याची जागा विचाराल तर लोक हात करतात तो नाल्याकडेच. तिच्या बापाला तेच तर नको होतं. म्हणून तर खिसे डागाळून घरी नेले त्यांनी, आणि घरी नेऊन पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"राहू द्या सध्या," मी म्हणालो.

"आत्या म्हणते जाळून टाक."

"नका जाळू."

"मग?"

मी खोक्याला सुतळी बांधत राहिलो. तिनं पर्समधून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली. ग्लास. बूड घासून घासून लख्ख, त्यावर माझं नाव.

"हा तुमचा आहे. नाव आहे यावर."

"माझा नाही. विकला होता तो मी त्यांना."

"बाबा म्हणायचे, शेठचा आहे. हरवला तर शेठकडे जाईल."

"मग हरवला कुठे?" मी ओरडलोच. आजूबाजूच्यांनी पाहिलं. मुलगी घाबरली नाही. तिला माझा आवाज लहानपणापासून माहीत होता. तिनं ग्लास माझ्याकडे जरासा सरकवला, खोकी ऑटोत ठेवून घेतली आणि गेली.

मी ग्लास उपडा केला. वाजवला नाही. तसाच धरून बसलो.

थोड्या वेळानं रहीमभाईनं रोजच्यासारखा चहा आणून ठेवला, कागदी कपात. त्यानं ग्लास पाहिला आणि निघून गेला. मी चहा कपातून ग्लासात ओतला. त्याचा काही उपयोग नव्हता, कप तर वापरून झालाच होता. चहा प्यायलो. स्टीलमुळे ओठ भाजले.

रिकामा कप काउंटरवर होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो आडवा झाला, काठापर्यंत गेला, खाली पडला, आणि पायरीवरून गडगडत नालीच्या तोंडाशी जाऊन थांबला. काका असते तर वाकले असते. मी पाहत होतो. मागून एक मोटरसायकल गेली आणि कप आत पडला.